धोक्याची खूण डोळ्यांत भरेल अशी छापा: कीटकनाशकांची लेबलं मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कीटकनाशकांच्या लेबलांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय मंडळाचे व नोंदणी समितीचे सदस्य,
आणि राज्याच्या कृषी विभागातील अधिकारी

सविनय नमस्कार.

यंदा पेरण्या आटोपल्यावर आमच्या भागात सुरक्षित फवारणीची सभा झाली. समोर शेतकरी होते, मजूर होते, बचत गटाच्या काही बायका होत्या. बोलणाऱ्यांनी तळमळीने सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळ्या भाषणांचा रोख शेवटी एकाच वाक्यावर आला: "लेबलवर सगळं लिहिलेलं असतं, तुम्ही लोक बघतच नाही." ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. माना खाली घालाव्यात असं त्यांच्या हातून काहीही घडलेलं नाही. हे मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि चार लोकांच्या देखत सांगायचं आहे, म्हणून पत्र खुलं लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते. शाळेत चित्रकला शिकवते. घरी कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी जे शिकवते त्यातला मोठा भाग एवढाच असतो: कागदावरची कोणती गोष्ट आधी दिसावी, कोणती मागे राहावी, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवला की उठून दिसतो आणि कुठे ठेवला की मरतो. त्यामुळे कीटकनाशकाचा डबा हातात आला की मला त्यावरचा मजकूर दिसतो त्याआधी त्याची मांडणी दिसते. आणि ती मांडणी पाहून मला चीड येते.

माझा धाकटा दीर फवारणी करताना पडला. पाऊस चांगला झाला होता, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, वावरात वारा नव्हता. दुपारनंतर त्याला समोरचं धूसर दिसायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली, घामानं अंग निथळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू केला आणि तो वाचला. पण अजून चालताना त्याचा पाय जड पडतो आणि पाठीवर पंप घेणं त्याच्यानं होत नाही. नंतर चौकशी झाली. कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: सूचनांकडे दुर्लक्ष.

माझा दीर दहावी पास आहे. रोज पेपर वाचतो, सोयाबीनचे भाव वाचतो, हवामानाचा अंदाज वाचतो. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा पिवळा त्रिकोण होता. बरा झाल्यावर मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, नाव पायलं, पंपाले किती एमएल टाकाचं ते पायलं. त्रिकोनाचं काय, तो त साऱ्याच डब्याईवर रायते."

साऱ्याच डब्यांवर राहतो. नेमकं हेच कारण आहे आणि ते चौकशीच्या रकान्यात कुणी लिहिलं नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. गुलाबी बोंडअळीनं कपाशी धरली होती, फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्यानंतर मास्क वाटले गेले, हातमोजे वाटले गेले, फ्लेक्स लागले. उष्ण दमट हवा, उंच पीक, जालीम मिश्रणं, उघडं अंग, अशी विषबाधेची कारणं पुष्कळ आहेत आणि लेबल हे त्यातलं एक आहे, हे मला समजतं. पण बाकीच्या कारणांवर थोडं तरी काम झालं. आज दुकानात जाऊन डबा उचला, त्याच्यावरची धोक्याची खूण तेवढीच आहे, तिथेच आहे, तशीच आहे.

माणसाचा डोळा कशाकडे वळतो, याचा अभ्यास शंभर वर्षं चालू आहे. तो अभ्यास तुमच्या कामाचा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं नोंदवून ठेवलं की आसपास काही नवं घडलं की प्राणी हातचं सोडून तिकडे वळतो. या प्रतिक्रियेला त्यानं 'हे काय आहे?' असं नावच दिलं. पुढे येवगेनी सोकोलोव्हनं तिचा खोलवर अभ्यास केला. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की प्रतिक्रिया विझत जाते, आणि त्या गोष्टीत जरा बदल केला की पुन्हा जागी होते. आमच्या शेतकऱ्यांना हे पुस्तकाशिवाय कळतं. रोही आणि रानडुक्कर येऊ नयेत म्हणून आम्ही वावराभोवती रंगीत जुन्या साड्या बांधतो. सुरुवातीला जनावर बिचकतं. मग साडी रोजची होते आणि जनावर तिच्या खालून आत शिरतं. तुमचा त्रिकोण म्हणजे वर्षानुवर्षं त्याच जागी बांधलेली तीच साडी आहे.

रॉबर्ट फँट्झनं १९६४ साली तान्ह्या बाळांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसलं. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं तर बाळाची नजर त्यावर कमी ठरते आणि नव्या चित्रावर जास्त. म्हणजे हे शिक्षणाचं किंवा अडाणीपणाचं काम नाही. माणूस जन्मतो तोच असा.

दुसरी गोष्ट वेगळेपणाची. १९८० साली ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी दाखवून दिलं की एखादी वस्तू एकाच ठळक गुणानं, म्हणजे समजा फक्त रंगानं, बाकीच्यांहून वेगळी असेल तर ती शोधावी लागत नाही. भोवती पाच वस्तू असोत की पंचवीस, ती आपणहून डोळ्यांत येते. पण तिचा रंगही इतरांत वाटलेला असेल आणि आकारही इतरांत वाटलेला असेल, तर डोळ्याला एकेक वस्तू तपासत जावं लागतं. १९९४ मध्ये वांग, कॅव्हना आणि ग्रीन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सरळ इंग्रजी 'एन'च्या गर्दीत एक उलटा 'एन' ठेवला तर तो झटकन सापडतो. उलट्या 'एन'च्या गर्दीत सरळ 'एन' ठेवला तर तो हुडकायला वेळ लागतो. ओळखीच्यात अनोळखी गोष्ट उठून दिसते, अनोळखीत ओळखीची गोष्ट हरवते.

लॉफ्टस आणि मॅकवर्थ यांचा १९७८ चा प्रयोग तर आमच्या घरचाच वाटतो. त्यांनी लोकांना शेताचं रेखाचित्र दाखवलं. एका चित्रात ट्रॅक्टर होता, दुसऱ्यात त्याच्या जागी आठ हातांचा ऑक्टोपस. शेतात न शोभणाऱ्या त्या ऑक्टोपसवर लोकांची नजर जास्त वेळ थांबली. आणि जे वेगळं दिसतं ते लक्षातही राहतं. एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादी वेगळी घातली की नंतर तीच आठवते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन बाईनं १९३३ सालीच सिद्ध केलं होतं.

मी वर्गात एक साधा पाठ घेतला. रिकामे डबे मुलांच्या हाती द्यायचे नाहीत, म्हणून लेबलांचे फोटो मोठे करून भिंतीवर दाखवले. चित्र थोडा वेळ ठेवायचं, काढून घ्यायचं, आणि आठवेल ते कागदावर काढायचं. मुलांनी पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड काढलं. हिरवं पान काढलं. अळी काढली. नावाची ठळक अक्षरं, मागचा सोनेरी झळाळ, कोपऱ्यातली वीज सगळ्यांच्या कागदावर आली. धोक्याचा त्रिकोण फारच थोड्यांनी काढला आणि ज्यांनी काढला त्यांतल्या काहींनी त्याला भलताच रंग दिला. ही सगळी शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुलं. पाचवी-सहावीची, तीक्ष्ण नजरेची. त्यांना दोष देणार का?

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली आकाराची. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे टोकावर उभा केलेला चौरस लेबलावर छापायचा असतो आणि त्यानं लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापायचा असतो. त्या चौरसाचे पुन्हा दोन त्रिकोण होतात. वरच्यात शब्द आणि चिन्ह येतं, रंग फक्त खालच्यात असतो. म्हणजे विषाची तीव्रता सांगणारा रंग लेबलाच्या बत्तिसाव्या हिश्श्यात बसवला तरी नियम पाळला जातो. शंभर भागांतले तीन भाग. शंभर मिलिलिटरच्या बाटलीवर तो केवढा उरतो, हे एकदा हातात घेऊन पाहा. याच देशात सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्यानं व्यापलेला असतो. तंबाखू वर्षानुवर्षं हळूहळू मारते. हे विष एका दुपारी मारतं. तरी त्याच्या इशाऱ्याला सोळावा हिस्सा.

दुसरी तक्रार चिन्हाची, आणि ही मला सर्वांत जास्त खुपते. कवटी आणि हाडं फक्त लाल त्रिकोणाच्या, म्हणजे सगळ्यात जहाल औषधांच्या डब्यांवर असतात. पिवळ्या त्रिकोणाचं औषध हेही अति विषारीच, त्यावर 'विष' हा शब्द असतो, पण चित्र नाही. त्याहून कमी विषारी गटांच्या, म्हणजे निळ्या आणि हिरव्या डब्यांवर नुसते सावधगिरीचे शब्द. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याचा चष्मा घरी राहिला आहे, त्याच्यासाठी पिवळ्या डब्यावर धोक्याचं एकही चित्र नाही. माझा दीर पिवळ्या डब्यानंच पडला. आणि लाल डब्यावरच्या कवटीचं तरी काय होतं? तीच कवटी आमच्या धुऱ्यावरच्या डीपीवर आहे, विजेच्या खांबांवर आहे. माणसं त्या डीपीच्या सावलीत बसून शिदोरी सोडतात. रोज दिसणाऱ्या कवटीची भीती कुणालाच उरलेली नाही.

रंगांचा अर्थही लोकांनी आपल्यापरीनं लावलेला आहे. लाल म्हणजे जालीम, म्हणून असर चांगला, हे मी वावरात कितीदा तरी ऐकलं आहे. हिरवा म्हणजे पिकाला मानवणारं, माणसाला काही होत नाही, हेही ऐकलं आहे. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे, हे सांगणारं त्या खुणेत काहीच नाही. ज्यांना लाल आणि हिरव्यात फरकच दिसत नाही असे पुरुष प्रत्येक गावात असतात. त्यांच्यासाठी चारही खुणांचा आकार एकच.

तिसरी तक्रार भोवतालच्या गर्दीची. चित्र शिकवणारी बाई म्हणून हे मी ठामपणे सांगते. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यांसकट दिसतो. पिवळा त्रिकोण पांढऱ्या कोऱ्या जागेवर ठेवला तर ओरडेल. तोच त्रिकोण सोनेरी पट्ट्याखाली, लालभडक नावाशेजारी, पोपटी पानांच्या पायथ्याशी ठेवला तर दबून जातो. लेबलावर सगळ्यात झगझगीत काय असावं याला आज कुणाचा आवर नाही. विक्रीचं नाव कितीही मोठं असू द्या, शेत कितीही डौलदार असू द्या, त्या चौरसानं सोळावा हिस्सा भरला की झालं. ट्रीझमनबाईंनी सांगितलेली अडचण इथे पुरेपूर उभी राहते: त्रिकोणाचा प्रत्येक गुण लेबलावरच्या दुसऱ्या कशात तरी वाटला गेला आहे, म्हणून तो आपणहून दिसत नाही, शोधावा लागतो. आणि फवारणीला निघालेला माणूस तो शोधत बसणार नाही.

त्यात उजेडाची गोष्ट येते. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून मजूर पहाटे झुंजुमुंजू असतानाच डबा फोडतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवलं आहे की उजेड कमी झाला की लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्या मानानं उजळ दिसतो. सगळ्यात घातक विषाला तुम्ही दिलेला रंग अंधुक उजेडात सगळ्यात आधी बुजतो. रंगाच्या जोडीला मोठा आकार आणि काळ्या-पांढऱ्याचा भेद असता तर हे झालं नसतं.

चौथी तक्रार जागेची. नवी, विचित्र गोष्ट दिसतेच असंही नाही, मन कुठे गुंतलं आहे त्यावर ते अवलंबून असतं. १९९९ साली सायमन्स आणि शब्री यांनी लोकांना चेंडू खेळणाऱ्यांची चित्रफीत दाखवली आणि एका संघानं चेंडू किती वेळा दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेशातला माणूस आला, छाती बडवून गेला. जवळपास निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. २०१३ मध्ये तर फुप्फुसाचे स्कॅन तपासणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना त्याच स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घालून दाखवलं. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डॉक्टर बेफिकीर नव्हते. ते गाठी शोधत होते.

पंपाला किती, ड्रमला किती, एकराला किती पंप, उरलेलं कुणाच्या वावरात मारायचं, हे मनात मोजत असलेला मजूर त्या डॉक्टरांहून वेगळा नाही. त्याची नजर 'एमएल'वर असते आणि बोटं झाकणावर असतात. मग खूण झाकणावर का नाही? सील फोडताना जी पट्टी फाडावीच लागते तिच्यावर का नाही? पुडी जिथून कापायची तिथे का नाही? तुम्ही ती लेबलाच्या पायाशी ठेवली आहे. डबा हातात धरला की तिथे माणसाची मूठ येते.

माहितीपत्रकाबद्दल फार लिहीत नाही. अनेक भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत, घडीवर घडी घातलेला तो कागद दुकानातच गळून पडतो.

लेबल निघून गेल्यावर डब्याचं काय, हा प्रश्न मात्र सोडता येत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं आणि विषाच्या डब्यात तेल ठेवलं गेल्याचं तेव्हा पुढे आलं. मी शाळेत काम करते. आमच्या शाळेतही खिचडी शिजते. ती बातमी आठवली की अजून हात गार पडतात. कागद भिजतो, सुटतो, खरवडला जातो. डब्याचा आकार मात्र कायम राहतो, आणि आज विषाच्या डब्याचा आकार तेलाच्या, पाण्याच्या डब्यासारखाच आहे.

हे सगळं बदलता येतं. काही उपाय दुसरीकडे करून झालेले आहेत. १९६६ साली अमेरिकेत चार्ल्स बाल्डविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जैविक धोक्यासाठी नवं चिन्ह तयार केलं. त्यांनी मुद्दाम असं चिन्ह हवं म्हटलं जे आधी कुणी पाहिलेलं नाही, ज्याला आधीचा कोणताही अर्थ नाही, पण एकदा पाहिलं की विसरणार नाही. बरीच चिन्हं लोकांना दाखवली, मग तपासलं की कोणतं लक्षात राहिलं आणि कोणत्याला लोकांनी कमीत कमी अर्थ चिकटवले. ते तीन कड्यांचं चिन्ह आज जगभर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिशव्यांवर आहे, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातही आहे. त्यांनी चिन्ह ठरवण्याआधी माणसांना दाखवून पाहिलं. आपला त्रिकोण कुणा फवारणी करणाऱ्या मजुराला दाखवून ठरवला होता का?

युरोपात धोकादायक द्रव्यांच्या डब्यांवर बोटांना लागेल असा उंचवट्याचा त्रिकोण असतो, न दिसणाऱ्यांसाठी. पॅराक्वाट हे तणनाशक पिण्याजोगं वाटू नये म्हणून त्यात निळा रंग आणि घाण वास मिसळायला सुरुवात झाली त्याला अनेक वर्षं झाली. आपल्याकडच्या सिगारेटच्या पाकिटांवरचं चित्रही ठरावीक मुदतीनं बदलतात, कारण तेच चित्र पाहून डोळा निर्ढावतो हे आपल्याच आरोग्य खात्याला कळलेलं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात संगणकावरच्या धोक्याच्या सूचना पाहताना लोकांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली तेव्हाच मेंदूचा प्रतिसाद बराच खाली आला. जी सूचना दर वेळी रूप बदलून आली तिच्या बाबतीत ही घसरण कमी होती.

आता कुणी म्हणेल, मग सगळेच डबे लाल करून टाका, सगळ्यांवर मोठी कवटी छापा. तसं करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सगळं ओरडायला लागलं की काहीच ऐकू येत नाही. वेगळेपण हे जपून वापरायचं असतं. जे खरोखर घातक आहे तेच वेगळं दिसलं पाहिजे, आणि ती खूण दुसऱ्या कशावरही, बियाण्याच्या पिशवीवर नाही, खताच्या पोत्यावर नाही, जाहिरातीत तर नाहीच नाही, वापरता कामा नये.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

लाल आणि पिवळ्या गटाच्या औषधांवर धोक्याची खूण दर्शनी भागाच्या निम्म्या जागेत छापा, वरच्या निम्म्यात. तिच्या मागची जागा कोरी ठेवा. या दोन गटांच्या डब्यांवर पिकाचं चित्र, सोनेरी झळाळ, विजेच्या रेघा यांना बंदी घाला. नाव आणि मात्रा साध्या काळ्या अक्षरांत मराठीत असू द्या, मोठ्या, वाचता येतील अशा. कंपन्यांचा विरोध होईल. तंबाखूच्या वेळीही झाला होता.

पिवळ्या गटाला चित्र द्या. कवटीच असावी असा माझा आग्रह नाही, उलट नवं काही शोधा. डोळा, श्वास, त्वचा यांना हे विष काय करतं ते दाखवणारं चित्र द्या आणि चारही गटांचे आकार एकमेकांपासून वेगळे करा, म्हणजे रंग दिसला नाही तरी गट कळेल.

तीच खूण झाकणावर आणि फाडायच्या सीलवर घाला. बाटलीच्या अंगावर बोटांना लागणारी खूण साच्यातच उठवा. लाल गटाच्या बाटलीचा आकार असा ठरवून द्या की घरातल्या कोणत्याही डब्याशी तिचं साम्य नसेल.

चित्र दर खरिपाला बदला. दोन-तीन चित्रं आधीच मंजूर करून ठेवा आणि पाळीपाळीनं छापा, म्हणजे दर वर्षी माणूस निदान एकदा तरी थबकून 'हे काय आहे?' म्हणेल. त्याच आठवड्यात कृषी सहायकांनी आणि कृषी केंद्रवाल्यांनी त्याचा अर्थ सांगावा. नजर वळली म्हणजे अर्थ कळला असं होत नाही, दोन्ही जोडीनं करावं लागेल. हे काम शाळेतून करायचं असेल तर चित्रकलेचा तास मी आनंदानं देते, आणि जिल्ह्यातले माझे सहकारीही देतील.

कोणतंही नवं लेबल मंजूर करण्यापूर्वी ते फवारणी करणाऱ्या माणसांना दाखवून पाहा. वातानुकूलित खोलीत नाही. पहाटे, वावरात, त्यांच्या कामाच्या घाईत. डबा हातून काढून घ्या आणि विचारा, काय दिसलं? बायकांनाही विचारा. पाणी आणून देणाऱ्या, औषध कालवणाऱ्या आणि फवाऱ्याचे कपडे धुणाऱ्या त्याच असतात. उत्तरं लिहून ठेवा आणि लोकांना वाचायला मिळतील अशी जाहीर करा.

आणि कृषी विभागाला एक स्वतंत्र मागणी. विषबाधेच्या चौकशीत 'सूचनांकडे दुर्लक्ष' असं लिहिण्याआधी त्या डब्याचा फोटो अहवालाला जोडा, खूण केवढी होती, कुठे होती, कोणत्या भाषेत होती हे नोंदवा. ज्या कुटुंबातला माणूस पडला त्यांना तो अहवाल वाचायला द्या. माझ्या दिराच्या कागदावर जे एक वाक्य लिहिलं गेलं त्यावर आमच्याकडून कुणी सहीसुद्धा घेतली नाही. ते वाक्य बदलावं असा अर्ज आम्ही रीतसर दिलेला आहे, त्याचं उत्तर हवं आहे.

लेबल बदलायला केंद्राचा नियम बदलावा लागतो, त्याला वेळ लागतो, हे मला कळतं. पण झाकणावर चिकटवायची मोठी खूण राज्याला याच हंगामात कृषी केंद्रांवर पोचवता येईल. कपाशीवरची फवारणी आता सुरू होते आहे, पोळ्यानंतर ती जोरात येईल. त्याच्या आत तेवढं तरी करा, आणि नियमाच्या बदलाचं काम कोणत्या तारखेला सुरू करणार ते लेखी कळवा.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ